मांधाता बेटावर एक दिवस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात ओंकारेश्वरचा नुसता उल्लेख आला आणि पत्रांचा ढीग पडला. बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात : मध्य प्रदेशातल्या खंडवा जिल्ह्यात, नर्मदेच्या पात्रात असलेलं हे मांधाता बेट एका दिवसात नीट बघून होतं का? होतं. पण ओंकारेश्वर म्हणजे फक्त देऊळ असं धरून गेलं तर दिवस रांगेत जातो. सगळं बेटच देवाचं मानलेलं आहे, आणि तिथला दिवस मंदिराच्या वेळापत्रकापेक्षा नदीच्या पाण्यावर आणि डोक्यावरच्या उन्हावर जास्त चालतो. पुढची उत्तरं त्याच अंगानं दिली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघं जळगावहून रेल्वेने खंडव्याला जाणार आहोत. सकाळी उतरून संध्याकाळची परतीची गाडी पकडायची आहे. दर्शन आणि बेटाची परिक्रमा, दोन्ही होईल का? आधी काय करावं?
— वाचक, जळगाव

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होईल. मार्च संपला की परिक्रमेसाठी एक मुक्काम हवाच.

खंडवा ते ओंकारेश्वर साधारण ७० किमी. सनावद, मोरटक्का करत बसला दोन तास लागतात, जीपने थोडं कमी. मोरटक्क्यापासून बेट अजून १२ किमी आत आहे. पहाटे ५ ला खंडवा सोडलंत तर ७ वाजता तुम्ही नर्मदेच्या दक्षिण तीरावर असाल. गाड्या याच तीरावर थांबतात, बेटावर पायीच जायचं.

हिवाळ्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी हा क्रम ठेवा : आंघोळ, ओंकारेश्वराचं दर्शन, मग परिक्रमा, आणि परत दक्षिण तीरावर आल्यावर तिथलं ममलेश्वराचं देऊळ. मंगळवार ते गुरुवार सकाळी साडेसात-आठला रांग सहसा तासाभरात सरकते. साडेआठ-नऊला परिक्रमेला निघालात तर बारा-साडेबारापर्यंत खाली येता. जेवण, ममलेश्वर, थोडी विश्रांती, आणि तीनला खंडव्याकडे परत. संध्याकाळच्या रेल्वेच्या आधी हातात किमान दीड तास मोकळा ठेवा, कारण मोरटक्का ते सनावद या पट्ट्यात वाहतूक तुंबली की कुणाचं काही चालत नाही.

मंदिर पहाटे ५ ला उघडतं. दुपारी सव्वाबाराच्या पुढे नैवेद्यासाठी दरवाजा बंद होतो तो सव्वाएकच्या सुमारास उघडतो, आणि चारच्या आसपास शृंगारासाठी पुन्हा थोडा वेळ बंद राहतो. बऱ्याच जणांचा दिवस इथेच बिघडतो. अकराला रांगेत लागायचं, गर्भगृह दहा पावलांवर आलं की दरवाजा मिटायचा, आणि मग तासभर तिथेच उभं राहायचं. म्हणून दर्शन एक तर दहाच्या आत उरकावं, नाही तर सरळ दीडनंतर ठेवावं.

सणाच्या दिवसात वेळा बदलतात. निघण्यापूर्वी मंदिर ट्रस्टच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

प्रश्न : बेटाची परिक्रमा ७ किमीची आहे असं वाचलं. वाट कशी आहे? खुणा आहेत का? अनवाणी करावी का? सोबत दहा वर्षांचा मुलगा आहे.
— वाचक, सातारा

दहा वर्षांचं मूल ही वाट सहज चालतं. मोठी माणसंच दमतात, तीही बहुतेक उशिरा निघाल्यामुळे.

बेट साधारण चार किमी लांब आणि निमुळतं आहे. मंदिर त्याच्या दक्षिण काठावर. मंदिराच्या बाजूने पश्चिमेकडे निघायचं, म्हणजे बेटाचा डोंगर उजव्या हाताला राहतो आणि नर्मदा डाव्या हाताला. एवढं लक्षात ठेवलंत तर दिशा चुकत नाही. पहिला टप्पा काठाकाठाने जातो आणि बराचसा सपाट आहे. वाटेत केदारेश्वराचं देऊळ लागतं, आणि गीतेचे श्लोक कोरलेल्या दगडी पाट्या दिसत राहतात. मुलाला प्रत्येक पाटीवरचा अध्याय आणि श्लोकाचा आकडा वाचायला लावा, अंतर कळतही नाही.

पाऊण ते एक तासात बेटाचं पश्चिम टोक येतं. इथे नर्मदेचा दक्षिणेचा मुख्य प्रवाह आणि बेटाला उत्तरेकडून वळसा घालणारा फाटा एकत्र येतात. त्या उत्तरेच्या फाट्याला इथली माणसं कावेरी म्हणतात. बेटाच्या वरच्या अंगाला कावेरी नावाची छोटी नदी दक्षिणेकडून नर्मदेला मिळते. ती नर्मदेत न मिसळता तिला ओलांडून बेटामागून वाहते आणि या टोकाशी खऱ्या अर्थाने भेटते, अशी श्रद्धा आहे. म्हणून हा संगम. काठावर ऋणमुक्तेश्वराचं देऊळ आहे. तिथे चण्याची डाळ वाहतात. डाळ देवळाबाहेर मिळते, घरून नेलीत तरी चालतं.

थकवा येतो तो संगमानंतर. काठ सोडून वाट डोंगरावर चढते, पायऱ्या आणि फरसबंदी आलटून पालटून. हा चढ सकाळच्या सावलीत पंचवीस-तीस मिनिटांत होतो, आणि उन्हात तोच तासभर पुरतो. माथ्यावर गौरी सोमनाथ. परमारकाळातलं हे देऊळ सावकाश बघण्यासारखं आहे. गर्भगृहातलं काळं शिवलिंग पुरुषभर उंच आहे. मामा-भाच्यांनी मिळून कवेत घेतलं तरच हात जुळतात, असं सांगतात. पुढे माथ्यावरून पूर्वेकडे चालत राहायचं. वाटेत जुन्या तटबंदीचे दरवाजे लागतात. याच डोंगरावर आदि शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा आहे, २१ सप्टेंबर २०२३ रोजी त्याचं अनावरण झालं. बारा वर्षांच्या बालशंकराचं रूप आहे ते. पुतळ्याच्या परिसरात बांधकाम चालू असलं की वाट थोडी वळवलेली असते. अशा वेळी पायवाटेने उतारावर न घुसता पुढे चाललेल्या लोकांच्या मागे राहावं.

शेवटचा मुक्काम सिद्धनाथ, आणि परिक्रमेतलं आमच्या मते सर्वांत सुंदर ठिकाण हेच. देऊळ भग्न आहे, पण चौथऱ्याभोवतीची हत्तींची शिल्पपट्टी अजून दिसते. एकमेकांना भिडलेले, सोंडा गुंतवलेले हत्ती. लोक इथपर्यंत येईतो दमलेले असतात आणि चौथऱ्यावर बसून पाणी पिऊन निघून जातात. चौथरा उतरून बाहेरून एक फेरी घाला, दहा मिनिटांचं काम आहे. तिथून पायऱ्यांनी खाली उतरलं की बेटाची वस्ती.

अनवाणी चालायचं की नाही हे उन्हावर ठरवा. फरशी आणि सिमेंटची वाट सकाळी थंडगार असते. एप्रिलमध्ये दहानंतर तीच तव्यासारखी तापते आणि मधेच थांबायची सोय नसते, कारण संगमापासून पुढे परत फिरलात तरी तेवढंच अंतर पडतं. अनवाणी चालायचा संकल्प असेल तर उजाडताना निघा, नऊच्या आत खाली या, आणि तरीही चपला पिशवीत असू द्या. पाणी हिवाळ्यात माणशी एक लिटर, उन्हाळ्यात दोन. लिंबूपाणी, काकडी विकणारे वाटेत भेटतात, पण अगदी पहाटे त्यांची दुकानं लागलेली नसतात. माकडांचं लक्ष हातातल्या पिशवीवर असतं. प्रसाद आणि डाळ पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा, मुलाच्या हातात केळं देऊ नका.

प्रश्न : ओंकारेश्वरला अचानक पाणी वाढतं असं ऐकलं. पाऊस नसतानाही? मग स्नान करायचं कुठे?
— वाचक, नाशिक

पाऊस नसतानाही वाढतं. स्वच्छ उन्हात, भर हिवाळ्यातही.

गावाच्या अगदी लगत, बेटाच्या वरच्या अंगाला ओंकारेश्वर धरण आहे. बेटाकडे जाणाऱ्या झुलत्या पुलावरून ते समोर दिसतं. तिथल्या जलविद्युत केंद्राची क्षमता ५२० मेगावॅट : ६५ मेगावॅटचे आठ संच. विजेची मागणी वाढेल तसा एकेक संच चालू होतो, आणि प्रत्येक संचातून सुटणारं पाणी थेट बेटाच्या दोन्ही अंगांनी वाहू लागतं. म्हणजे पाण्याची पातळी ढगांवर नव्हे, विजेच्या मागणीवर वर-खाली होते. सोडण्यापूर्वी भोंगा वाजतो. पण धरण इतकं जवळ आहे की भोंगा आणि पाणी यांच्यामध्ये फारसा वेळ मिळत नाही.

माणसं अडकतात ती खडकांवर. पाणी कमी असताना पात्रातले काळे खडक उघडे पडतात, संगमाजवळ आणि उत्तरेच्या फाट्यात तर जास्तच. कुणी फोटोला जातं, कुणी शांत जागा म्हणून तिथेच आंघोळीला बसतं. पाणी वाढायला लागतं तेव्हा आधी खडक बुडत नाही, खडक आणि काठ यांच्यामधली चिंचोळी घळ भरते. बसलेल्या माणसाला पायाशी कोरडंच दिसत असतं आणि मागे परतीची वाट गेलेली असते. २००५ च्या एप्रिलमध्ये इथून वरच्या बाजूला, देवास जिल्ह्यातल्या धाराजीला, भूतडी अमावास्येच्या मेळ्यात रात्री असंच पाणी आलं आणि अनेक भाविक वाहून गेले. नदी तीच, कारणही तेच : वरच्या धरणातून सोडलेलं पाणी.

म्हणून स्नान फक्त बांधलेल्या घाटावर, साखळी किंवा कठडा असेल तिथे. दक्षिण तीरावर गोमुख घाट, नागर घाट, ब्रह्मपुरी, अभय घाट. बेटावर मंदिराखाली कोटितीर्थ. पाण्यात उतरण्यापूर्वी पायऱ्यांकडे नीट बघा. पाण्याच्या वरच्या दोन-चार पायऱ्या ओल्या, गडद दिसत असतील तर पाणी नुकतंच उतरलेलं आहे, म्हणजे पुन्हा तेवढं चढू शकतं. मग पाण्यालगतची एक कोरडी पायरी हेरून ठेवा आणि घरच्या एका माणसाला फक्त तिच्यावर नजर ठेवायला सांगा. ती पायरी भिजली की भोंग्याची वाट न बघता सगळ्यांनी वर यायचं.

आणखी दोन धोके आहेत. धरणाखालचं पाणी नितळ असल्यामुळे ऊन तळापर्यंत पोचतं आणि बुडालेल्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर बसून तांब्याने स्नान करावं, पुढे पाय चाचपत जाऊ नये. आणि हे पाणी जलाशयाच्या खोलातून आलेलं असल्यामुळे गार असतं. रक्तदाबाच्या, हृदयविकाराच्या माणसांनी एकदम बुडी न मारता आधी पाय, मग हात, मग डोकं असं भिजवावं. मधला प्रवाह पोहून बेटावर जाण्याचा विचार तर पट्टीच्या पोहणाऱ्यानेही करू नये. वरून संथ दिसतो, पण पात्र तिथे खोल आणि कड्यांमध्ये आवळलेलं आहे.

साबण लावू नका. फुलं, नारळ, जुने कपडे निर्माल्यासाठी ठेवलेल्या जागीच टाका. नदीत दिवा सोडायचा तर कणकेचा किंवा पानाचा सोडा. कागदी आणि प्लॅस्टिकच्या द्रोणांचा खच काठाला किती साचतो ते घाटावर उभं राहिलं की दिसतंच.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. नावेतून नेलं तर चढउतार वाचेल ना?
— वाचक, पुणे

उलट आहे. नावेसाठी आधी घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जावं लागतं, हलत्या नावेत पाय टाकावा लागतो, आणि पलीकडे कोटितीर्थावर उतरलं की मंदिरापर्यंत पुन्हा सरळ चढ. गुडघ्यांना उतरणं चढण्यापेक्षा जड जातं, आणि नावेच्या वाटेत दोन्ही येतं.

पूल नदीच्या बराच वरून जातात. जुना पूल ममलेश्वराच्या बाजूने थेट मंदिराकडच्या गल्लीत पोचतो, तर वरच्या अंगाचा झुलता पूल रुंद आणि मोकळा आहे. बसथांब्यावरून पुलाच्या तोंडापर्यंत रिक्षा मिळते. वडिलांना जुन्या पुलाने न्या. बेटावर पुढे दुकानांची अरुंद गल्ली आणि शेवटी मंदिराच्या पायऱ्या आहेत, त्या मात्र टळत नाहीत. गर्दीच्या दिवशी पोलीस एका पुलावरून जायचं आणि दुसऱ्यावरून यायचं अशी एकमार्गी व्यवस्था करतात, तेव्हा चालणं वाढतं. ज्येष्ठांना घेऊन शनिवार, रविवार, सोमवार टाळावेत हे त्यासाठीच.

शीघ्रदर्शनाची सशुल्क सोय आहे. पैसे फक्त मंदिर ट्रस्टच्या संकेतस्थळावर किंवा काउंटरवर, पावती घेऊनच द्या. पुलावर गाठून ‘दहा मिनिटांत दर्शन’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावं.

नावेची हौस असेल तर दर्शनानंतर, वडिलांना घाटाच्या वरच्या पायरीवर सावलीत बसवून, बाकीच्यांनी फेरी मारून यावी. आधी जीवरक्षक जाकीट, मग नाव. भाडं आणि फेरी कुठपर्यंत हे बसण्यापूर्वी ठरवा. पाणी सोडलेलं असताना किंवा पुराच्या दिवसांत नावा बंद असतात, तेव्हा नावाड्याला गळ घालू नये.

प्रश्न : खरं ज्योतिर्लिंग कोणतं, बेटावरचं ओंकारेश्वर की अलीकडचं ममलेश्वर? मार्गदर्शक वेगवेगळं सांगतात. आणि अभिषेक कुठे करावा?
— वाचक, अमरावती

दोन्ही मिळून एक. आपल्या तोंडी असलेल्या द्वादश ज्योतिर्लिंग स्तोत्रातच याचा उलगडा आहे. ‘ओङ्कारममलेश्वरम्’ हा शब्द फोडला की ‘ओंकारम्’ आणि ‘अमलेश्वरम्’ असे दोन शब्द मिळतात. पहिल्या शब्दातला शेवटचा ‘म्’ पुढच्या ‘अ’ला चिकटला आणि लोकांच्या कानाला ‘ममलेश्वर’ ऐकू आलं. तेच नाव रूढ झालं. विंध्याच्या तपावर प्रसन्न झालेल्या शिवाच्या लिंगाची दोन रूपं झाली, एक ओंकार आणि एक पार्थिव म्हणजे मातीचं, अशी पुराणकथा आहे. म्हणूनच ममलेश्वराशिवाय यात्रा पुरी होत नाही असं मानतात. घाईत असलेली माणसं नेमकं तेच सोडून जातात.

दोन्ही देवळांचा अनुभव मात्र अगदी वेगळा. ओंकारेश्वराचं लिंग घडवलेलं नाही. जमिनीलगतचा ओबडधोबड, नैसर्गिक दगड आहे, आणि तो शिखराच्या बरोबर खाली नाही, एका बाजूला आहे. त्यामुळे रांगेतून पुढे सरकताना लोक समोर बघत राहतात आणि लिंग नजरेतून निसटतं. आत शिरताच नजर खाली ठेवा. दगडाची झीज होऊ नये म्हणून त्याला आवरण आहे आणि भाविकांचं पाणी पात्रातून आत जातं. स्वतःच्या हाताने अभिषेक तिथे होत नाही. बाहेर येताना सभामंडपाचे कोरीव दगडी खांब बघायला भिंतीशी दोन मिनिटं उभं राहा. वर आणखी मजले आहेत : महाकालेश्वर, सिद्धनाथ, गुप्तेश्वर, ध्वजेश्वर. जिने अरुंद आहेत, गर्दीत वर जाण्यात अर्थ नाही.

शांतपणे अभिषेक करायचा तर ममलेश्वराला. ते भारतीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, गर्दी कमी असते. भिंतींवर जुने कोरीव लेख आहेत. शिवमहिम्न स्तोत्र इथे इ. स. १०६३ मध्ये दगडावर कोरलं गेलं, म्हणजे आज घरोघरी म्हटलं जाणारं स्तोत्र साडेनऊशे वर्षांपूर्वी या भिंतीवर होतं. अहिल्याबाई होळकरांनी सुरू केलेल्या पार्थिव लिंगपूजेची परंपराही याच देवळाशी जोडलेली आहे. पुजाऱ्यांशी दक्षिणा आणि विधी, दोन्ही बसण्यापूर्वी बोलून घ्या. लघुरुद्र की नुसता जलाभिषेक, साहित्य कुणाचं, किती माणसं बसणार. हे आधी बोललं की नंतर कुणाचं मन दुखावत नाही.

प्रश्न : तिथून नर्मदेश्वर बाणलिंग आणायचं आहे. अस्सल कसं ओळखावं?
— वाचक, कोल्हापूर

‘अस्सल’ म्हणजे काय ते आधी ठरवा. नर्मदेतला दगड असणं वेगळं आणि नदीनेच लिंगाचा आकार दिलेला असणं वेगळं. नैसर्गिक बाणलिंगांसाठी प्रसिद्ध असलेलं धावडी कुंड धरणाच्या पाण्याखाली गेलं. आज दुकानांत दिसणारी गुळगुळीत, एकसारखी लिंगं बहुतेक नर्मदेचेच दगड यंत्रावर घासून घडवलेली असतात. नर्मदाकाठच्या बकावा गावात हा मोठा व्यवसाय आहे. त्यात फसवणूक नाही, ती कारागिरी आहे. फसवणूक होते ती घडवलेलं लिंग ‘स्वयंभू’ म्हणून दसपट भावात विकलं जातं तेव्हा.

दगड उन्हात धरून हळूहळू फिरवा. घडवलेल्या दगडावर लांबीला आडव्या, समांतर बारीक रेषा चमकतात आणि दोन्ही टोकं सारखी निमुळती असतात. नदीने घडवलेल्यावर रेषा कुठल्याही दिशेच्या, बारीक खळगे, एक बाजू किंचित चपटी. तेल लावून चमकवलेला दगड ओल्या रुमालाने घट्ट पुसा. रुमालावर रंग उतरला तर परत ठेवा. वजनही बघा. १० सेंमी लांब आणि मध्ये ५ सेंमी जाड असा अंडाकृती दगड साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. तोच आकार दोनशेच्या खाली भरला तर तो दगड नाही, साच्यात ओतलेली राळ (रेझिन) आहे. गालाला लावून बघितलं तरी कळतं : दगड गार लागतो, राळ नाही.

घरच्या देवघरासाठी अंगठ्याच्या पेराएवढं पुरतं, मोठं नको असाच संकेत आहे. बाणलिंगाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही असं मानतात. शाळुंकेचं तोंड उत्तरेकडे ठेवा. आणि घाटावरून मूठभर गोटे उचलून आणण्यापेक्षा एकच घ्या, ज्याची रोज पूजा होईल.

प्रश्न : आई नर्मदा परिक्रमा उचलणार आहे, ओंकारेश्वरहूनच. आम्ही सोडायला जाऊ तेव्हा तिला बेटावर दर्शनाला न्यायचं का?
— वाचक, ठाणे

संकल्पाच्या आधी न्या, नंतर नाही. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते, आणि बेटाच्या दोन्ही अंगांनी नर्मदाच वाहते. संकल्प झाला की पूल असो की नाव, बेट वर्ज्य. सोडायला आलेली मंडळी उत्साहात ‘चल, शेवटचं दर्शन घेऊ’ म्हणून पुलावर नेतात आणि आईच्या मनाला तो सल शेवटपर्यंत राहतो. म्हणून आदल्या दिवशी पोचा. ओंकारेश्वराचं दर्शन, बेटाची छोटी परिक्रमा जमेल तेवढी. रात्री मुक्काम दक्षिण तीरावर. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची शाखा तिथे आहे आणि मराठी माणसाला ती घरासारखी वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिण तीराच्या घाटावर स्नान, नर्मदापूजन, कुपीत जल, कढाईचा म्हणजे शिऱ्याचा प्रसाद, कन्यापूजन. मग ममलेश्वराचं दर्शन, ते याच तीरावर असल्याने चालतं. आणि नर्मदा उजव्या हाताला ठेवून आई पश्चिमेकडे निघेल.

प्रवाह ओलांडून ओंकारेश्वराला जायचं ते परिक्रमा पुरी करून, कुपीतलं जल वाहायला. तोवर बेट समोर दिसत असूनही पलीकडेच राहतं. परिक्रमा चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी एकादशीनंतर उचलतात, तेव्हा घाटावर गर्दी असते. खोलीची चौकशी आधी करा.

प्रश्न : सकाळी उज्जैनला महाकाल आणि दुपारी ओंकारेश्वर, असं एका दिवसात बसवता येईल?
— वाचक, सोलापूर

अंतर १४० किमीच्या आसपास, इंदूरवरून, घाटातून. साडेतीन-चार तास जातातच. दुपारी तीनला पोचाल, चारला शृंगारासाठी दरवाजा बंद, पाचला दर्शन, अंधारात परत. बेट बघितलं असं म्हणता येणार नाही. एक रात्र जास्त ठेवा. मुक्काम केलात तर रात्री साडेआठनंतरची शयन आरती मिळते. देवासमोर सारीपाट मांडतात, शिव-पार्वतींनी खेळावं म्हणून. दिवसाच्या प्रवाशांना हे कधीच दिसत नाही.

प्रश्न : श्रावणात गेलं तर?
— वाचिका, अकोला

श्रावणी सोमवारी ओंकारेश्वर आणि ममलेश्वराच्या पालख्या निघतात, कोटितीर्थावर पूजा होते आणि देव नावेतून फिरतात. ते बघायचंच असेल तर रविवारी दुपारपूर्वी पोचा, सोमवारी परिक्रमा आणि नाव दोन्ही मनातून काढून टाका, आणि मंगळवारी सकाळी निघा. कावड घेऊन चालणाऱ्यांमुळे रस्त्यांवर वाहनांना बंदी-वळणं असतात. नर्मदेला पूर असला की मोरटक्क्याचा पूल वाहतुकीला बंद करतात, आणि मग इंदूरकडून आलेली माणसं उत्तर तीराला अडकतात. अकोल्याहून येताना तुम्ही खंडव्याकडून याल. खंडवा, सनावद आणि ओंकारेश्वर तिन्ही दक्षिण तीरालाच असल्यामुळे हा पूल तुमच्या वाटेत येत नाही. इंदूरला उतरून यायचा विचार असेल तर तो बदला.